आठळीएवढी होडी

पीचच्या फळातली आठळी ती केवढी, अंगठ्याच्या पेराएवढी. सन 1622 च्या शरद ऋतूत चीनमधल्या वांग शूयुआन नावाच्या कारागिरानं अशीच एक आठळी, त्यातल्या त्यात लांबट आणि अरुंद बघून निवडली आणि तिच्यातून एक होडी कोरून काढली. होडीची लांबी एक चिनी इंचसुद्धा भरत नव्हती, म्हणजे आपल्या हिशेबानं तीन सेंटिमीटरच्या आत. उंची वरईसारख्या धान्याचे दोन दाणे ठेवावेत एवढी. मध्ये बांबूच्या पानांचं छप्पर. दोन्ही बाजूंना चार-चार खिडक्या, आणि त्या नुसत्या रेघा मारून दाखवलेल्या नव्हेत, उघडायच्या आणि मिटायच्या. उघडल्या की आतून पलीकडचा कठडा दिसायचा, मिटल्या की दारांवर कोरलेली अक्षरं, आणि त्या अक्षरांत भरलेला निळा-हिरवा रंग.

पुढच्या बाजूला तीन माणसं बसलेली. मधला उंच टोपीवाला, दाढीवाला, तो कवी सू शी, ज्याला सू तुंगपो असंही म्हणतात. एका बाजूला त्याचा कविमित्र ह्वांग थिंगच्येन. दोघे मिळून एकच गुंडाळी उघडून वाचताहेत. सू शीचा एक हात गुंडाळीवर, दुसरा मित्राच्या पाठीवर. मित्र गुंडाळीतल्या कशावर तरी बोट ठेवून काही सांगतोय. दुसऱ्या बाजूला फोयिन नावाचा बौद्ध भिक्षू, छाती उघडी, मान वर, हातात जपमाळ. त्या माळेचे मणी एकेक करून मोजता येत होते. मागच्या बाजूला दोन नावाडी. एक आडव्या लाकडाला टेकून कुणाला तरी हाक मारल्यासारखा. दुसऱ्याच्या हातात पंखा, समोर चूल, चुलीवर किटली, आणि तो त्या किटलीतल्या पाण्याला आधण आलं का म्हणून कान देऊन बसलेला.

मला या सगळ्यात तो दुसरा नावाडीच जास्त आवडतो. कवी, भिक्षू, गुंडाळी सगळं ठीक आहे, पण होडीत चहा कुणीतरी ठेवायलाच हवा, हे त्या कारागिराच्या ध्यानात होतं.

ही होडी मी पाहिलेली नाही, आणि आज कुणीच ती पाहू शकत नाही. आपल्याला ती कळते ती वेइ श्युए-यी नावाच्या तरुण लेखकामुळे. वांगनं होडी त्याला भेट दिली आणि त्यानं तिचं वर्णन लिहून ठेवलं. छोटासाच लेख, पण तो इतका बारकाईनं लिहिलाय की चीनमधली शाळकरी मुलं तो अजून पाठ्यपुस्तकात शिकतात. लेखाच्या शेवटाकडे तो काय करतो, तर चक्क मोजणी करतो. पाहुणे गेल्यावर बाईनं फडताळातली भांडी मोजावीत तशी. माणसं पाच, खिडक्या आठ, छप्पर एक, वल्हं एक, चूल एक, किटली एक, गुंडाळी एक, जपमाळ एक, आणि कोरलेली अक्षरं एकूण 34. कौतुकाचे मोठमोठे शब्द वापरण्यापेक्षा ही मोजणी मला जास्त पटते.

आता त्या होडीत सू शीच का, हे सांगायला हवं. सू शी हा अकराव्या शतकातला मोठा कवी आणि सरकारी अधिकारी. त्याच्या कवितांमध्ये सरकारवर टीका आहे असा आरोप ठेवून 1079 मध्ये त्याला पकडलं आणि मग ह्वांगचौ नावाच्या आडगावी धाडलं. तिथं असताना 1082 मध्ये तो मित्रांबरोबर यांगत्से नदीत रात्री होडीतून फिरायला गेला आणि त्यावर त्यानं दोन गद्यकाव्यं लिहिली. लाल कड्याची गद्यकाव्यं म्हणून ती प्रसिद्ध आहेत. पुढं चिनी चित्रकार आणि कोरीव काम करणारे यांना या होडीचं वेडच लागलं.

आपल्याकडे पंचांगात प्रभव, विभव असे साठ संवत्सर असतात आणि साठ संपले की पुन्हा पहिल्यापासून, तशीच साठ वर्षांची फेरी चिनी पंचांगातही आहे. 1082 हे वर्ष त्यांच्या गणनेत रनशू नावाचं होतं. त्यानंतर नऊ फेऱ्या झाल्या, 540 वर्षं गेली आणि 1622 ला पुन्हा रनशू आलं. वांगनं होडीच्या तळावर डासाच्या पायासारख्या बारीक अक्षरांत आपलं नाव घातलं, त्यात हेच वर्ष आहे. आपल्याकडे एखाद्या थोर माणसाची पुण्यतिथी धरून काही करावं, तसंच ते. फक्त त्यानं भाषण ठेवलं नाही, आठळी कोरली.

आणि ज्यानं हे लिहून ठेवलं त्याचं काय झालं? वेइ श्युए-यीचे वडील वेइ दाजुंग हे मिंग दरबारातले सचोटीचे अधिकारी. त्या वेळी सम्राटाच्या नावानं सगळा कारभार वेइ जुंगश्येन नावाच्या खोजाच्या हातात गेला होता. आडनाव एक, पण नातं काही नाही. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांवर त्यानं लाचखोरीचे खोटे आरोप लावले. 1625 मध्ये वडिलांना पकडून राजधानीत नेलं. मुलगा वेष बदलून मागोमाग गेला. दिवसा लपून राहायचा, रात्री बाहेर पडून ओळखीच्यांकडे पैसे उसने मागायचा, कारण ठोकलेली रक्कम भरली तर वडील सुटतील अशी आशा होती. रक्कम जमायच्या आतच तुरुंगात छळ होऊन वडील गेले. शवपेटी घेऊन मुलगा गावी आला, रात्रंदिवस रडत राहिला आणि त्याच वर्षी तोही गेला. दोन वर्षांत त्या खोजाची सत्ता संपली आणि वडिलांना पुढच्या सम्राटानं सन्मान दिला, पण ते सगळं नंतरचं. कवितेसाठी पकडलेला कवी, आणि त्याच्या होडीविषयी लिहिणारा हा मुलगा. हे कळल्यापासून मला त्या लेखातली मोजणी नुसती गंमत वाटत नाही.

वांगची होडी राहिली नाही तरी तिची एक धाकटी बहीण मात्र आहे. ताइपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात. छन झूझांग हा दक्षिणेकडच्या क्वांगतुंगचा कारागीर, पेकिंगच्या राजवाड्यातल्या कारखान्यात कामाला होता. त्यानं 1737 मध्ये ऑलिव्हच्या आठळीत होडी कोरली. हा चिनी ऑलिव्ह, आपण पिझ्झ्यावर बघतो तो नव्हे. लांबी 3.4 सेंटिमीटर, उंची 1.6. आत आठ माणसं आहेत, आणि तळावर सू शीच्या दुसऱ्या गद्यकाव्याचा अख्खा मजकूर, तीनशेहून जास्त अक्षरं. चिनी अक्षर म्हणजे आपल्या क-ख सारखं सुटसुटीत नसतं, एकेका अक्षरात दहा-पंधरा रेघा. आपल्याकडे जत्रेत तांदळाच्या दाण्यावर नाव लिहून देणारे बसतात, त्यांनाही मी मानते, पण हे त्याच्या पलीकडचं आहे.

त्या वेळचा सम्राट छ्येनलुंग. साठ वर्षं राज्य केलं त्यानं, 1736 पासून. एवढ्या अफाट मुलखाचा धनी, आणि वेड कशाचं तर लहान वस्तूंचं! त्याच्या राजवाड्यात खास पेट्या बनवून घेतल्या जात. दिसायला साधी लाकडी पेटी, पण उघडत गेलं की कप्प्यात कप्पा, कप्प्याच्या मागं चोरकप्पा, फिरणारे खण, दुमडणारी दारं. आणि प्रत्येक खणात काहीतरी इवलंसं: जेडचा प्राणी, चिनी मातीचं बोटभर फुलपात्र, जुन्या काशाच्या भांड्याची प्रतिकृती, करंगळीएवढी चित्रगुंडाळी, तळहातावर मावणारं पुस्तक. ही चित्रं दरबारातल्या नामांकित चित्रकारांनी मुद्दाम त्या मापाची काढलेली. प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराची खाच. एक इकडची तिकडे ठेवली तर पेटी मिटणार नाही. राजवाड्यात त्याची आवडती वाचनाची खोलीही अगदी लहानशी होती. तिथं त्यानं तीन जुनी हस्ताक्षरं जपून ठेवली होती.

आपण लहानपणी भातुकली मांडायचो. पितळेचा चंबू, बोटभर पोळपाट, जातं. आमच्यात ती मुलीच्या रुखवतातही मांडत. मोठं झाल्यावर ती कुणाला तरी देऊन टाकायची, हा रिवाज. छ्येनलुंगला ती देऊन टाकावी लागली नाही, एवढाच फरक, असं मला कधीकधी वाटतं. पुरुषाचा छंद म्हटला की त्याला संग्रह म्हणतात.

लहान वस्तूंचा आणखी एक फायदा म्हणजे त्या पळवून वाचवता येतात. जपानी सैन्य जवळ आल्यावर 1933 मध्ये पेकिंगच्या राजवाड्यातून आणि आसपासच्या संस्थांमधून 19,000 हून जास्त पेट्या भरून दक्षिणेला हलवल्या. शांघाय, नानकिंग, मग 1937 नंतर आगगाडीनं, बोटीनं, ट्रकनं डोंगराळ पश्चिमेकडे. 1948-49 मध्ये यादवी युद्धात त्यातला काही भाग समुद्रापार तैवानला गेला. म्हणून तर छनची होडी ताइपेईत आहे. तिथं लोक सगळ्यात जास्त गर्दी करतात ती मात्र जेडच्या कोबीपाशी. उंची 18.7 सेंटिमीटर, देठ पांढरा, पानं हिरवी, पानांवर एक टोळ आणि एक नाकतोड्यासारखा किडा. दगड ब्रह्मदेशचा, एकाच तुकड्यात दोन रंग, शिवाय तडे आणि डाग. कारागिरानं ती खोट पानांच्या शिरांमध्ये आणि सुरकुत्यांमध्ये जिरवून टाकली. भाजीवालीकडे उभं राहून पान उलटून बघणाऱ्या आपल्यासारखीला हे लगेच कळतं. तो कोबी शेवटून दुसऱ्या सम्राटाच्या जिन नावाच्या राणीच्या महालात सापडला, तिच्या लग्नात आला असावा असं मानतात. पांढरा देठ म्हणजे वधूची शुद्धता, किडे म्हणजे भरपूर मुलंबाळं. त्या राणीला मूल झालंच नाही. त्या सम्राटाच्या कोणत्याच राणीला झालं नाही.

जेडविषयी एक गोष्ट सांगून पुढं जाते. जेड छिन्नीनं कोरता येत नाही, ते फार चिवट. वाळूसारखी कठीण पूड पाण्यात कालवून, पायानं फिरवायच्या चाकावर ते नुसतं झिजवायचं. दिवसच्या दिवस. यात चिनी कारागीर सगळ्यांच्या पुढं होते, तरी छ्येनलुंगचा जीव अडकला तो हिंदुस्थानातून आलेल्या जेडमध्ये. मुघल घडणीच्या वाट्या इतक्या पातळ की बोटाची सावली पलीकडून दिसावी. त्यानं त्यांच्यावर कविता लिहिल्या आणि आपल्या कारागिरांना त्यांची नक्कल करायला लावलं. त्याच घराण्यातलं काम बघायचं तर आपल्याला लांब जायला नको. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीर आणि नूरजहानची जेडची शस्त्रं आहेत.

आता हस्तिदंत. इथं माझी लेखणी अडखळते.

क्वांगचौ या बंदरातली कारागिरी म्हणजे एकात एक गोळे. आधी एक अखंड भरीव गोळा कातून घ्यायचा. मग चारी बाजूंनी, बहुधा चौदा ठिकाणी, मध्यापर्यंत निमुळती भोकं पाडायची. मग त्या भोकांतून वाकड्या टोकाची हत्यारं आत घालून आडवं कापायचं, सगळ्यात आतल्या गोळ्यापासून सुरुवात करून एकेक कवच मोकळं करत बाहेर यायचं. शेवटी प्रत्येक कवचावर जाळी, आणि बाहेरच्यावर ड्रॅगन नाहीतर फुलं. कुठंही जोड नाही, आणि प्रत्येक कवच वेगळं फिरतं. चौदाव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात असा आत दोन थर फिरणारा गोळा आलाय, आणि त्याला भुताचं काम असं नाव दिलंय. पुढं एकोणिसाव्या शतकात वीसहून जास्त थरांचे गोळे झाले. आतली कवचं अंड्याच्या टरफलाएवढी पातळ. कापणाऱ्याला तर आत काय चाललंय ते दिसतही नाही, सगळं हाताला लागेल त्यावर. विसाव्या थरात हात चुकला तर आधीचे महिने वाया.

हे सगळं खरं, आणि तरीही तो गोळा बघताना मला आधी हत्ती आठवतो. चीनमध्ये एके काळी पुष्कळ हत्ती होते, जंगलं तुटत गेली तसे ते पार दक्षिणेच्या टोकाला गेले. मग दात बाहेरून येऊ लागले, आग्नेय आशियातून, आफ्रिकेतून. आपण रात्री दिव्यावर किडा पडू नये म्हणून झाकण ठेवणारी माणसं. पाणी गाळून पिणारी. आपल्याला कुणी हे शिकवायला नको. पण आपल्याकडंही बोट दाखवण्यासारखं आहेच. गुजरात-मारवाडात लग्नात नवरीला हस्तिदंती चुडा लागायचा, त्यासाठी झांजिबारकडून मुंबईला दात यायचे, आणि तो चुडा जैन घरातल्या मुलीही भरायच्या. सौभाग्याचं लेणं म्हटलं की त्यामागचा जीव दिसेनासा होतो. आपल्या देशात भारतीय हत्तींच्या दाताचा व्यापार 1986 मध्ये बंद झाला, आफ्रिकेतून येणाऱ्याचा 1991 मध्ये. चीननं 2017 च्या अखेरीस तो बंद केला. कारागीर आता हाडावर आणि बर्फात गाडल्या गेलेल्या पुराणकाळच्या मॅमथच्या दातावर काम करतात.

आणि म्हणून मी पुन्हा त्या आठळीकडे येते. फळ खाऊन झालेलं, आठळी टाकायचीच होती. तिच्यासाठी कुणाला मारावं लागलं नाही, खाण खणावी लागली नाही. हात तोच आणि नजरही तीच. वीस थरांच्या गोळ्यापुढं ती होडी कुठं कमी पडते, ते कुणी मला दाखवून द्यावं.

तपकिरीच्या बाटल्यांचं दोनच वाक्यांत. तंबाखू जशी आपल्या निपाणीला परदेशातून आली तशीच चीनलाही, आणि दरबारात तपकीर ओढायची फॅशन आली तेव्हा तिच्यासाठी बोटभर काचेच्या बाटल्या झाल्या. त्या बाटल्यांच्या आतल्या बाजूनं, वाकड्या टोकाच्या बारीक बोरूनं, वाटाण्याएवढ्या तोंडातून हात फिरवत उलटं चित्र काढायचं. आमच्या आजीची तपकिरीची डबी पितळेची होती आणि तिच्यावर पोचे पडलेले होते.

इथवर सगळी नावं पुरुषांची आली. तर मग चिनी बायकांनी काय केलं?

त्यांच्या हातून झालेली सगळ्यात लहान वस्तू कोणती, तर स्वतःचे जोडे. पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या पायाची चार बोटं तळव्याखाली वळवून कापडी पट्ट्यांनी करकचून बांधायची, आणि वर्षानुवर्षं ते बांधणं थांबवायचं नाही. पाऊल तीन चिनी इंचांचं, म्हणजे दहा सेंटिमीटरचं झालं की ते सुंदर. बऱ्याच जणींचं तेवढं कधी होतच नसे. पेकिंगचे सम्राट मांचू होते, त्यांच्या बायका पाय बांधत नसत, पण हान घरांतून ही रीत शेकडो वर्षं चालली. 1912 मध्ये नव्या प्रजासत्ताकानं तिच्यावर बंदी घातली, तरी खेड्यांतून ती मोडायला पुढं बरीच वर्षं गेली. संग्रहालयांतून ते जोडे आता काचेमागं असतात. त्यांच्यावरचं भरतकाम बघावं. कमळं, वटवाघळं, फुलपाखरं, टाचेवर वेगळा रंग, तळालाही टाके, जिथं कुणी बघणार नाही. ते तिनंच केलेलं. बऱ्याच भागांत नवरीनं सासरच्या बायकांसाठी जोडे शिवून न्यायचे आणि त्यावरून तिची परीक्षा व्हायची. आईनं मुलीचे पाय बांधायचे आणि त्याच हातांनी तिला टाका शिकवायचा. तुम्ही म्हणाल, कोरीव कामाच्या लेखात हे कशाला? लहान म्हणजे सुंदर, ही आवड वस्तूंपुरती थांबली नाही, म्हणून.

पण एका घराची हकिकत वेगळी आहे. शांघायमधलं गू घराणं, मिंग काळाच्या शेवटाचं. मोठा वाडा, मोठी बाग, आणि घरातल्या बायका भरतकामात अशा तरबेज की त्या कामाला गू घराण्याचं भरतकाम असंच नाव पडलं. रेशमाचा धागा उकलून त्याचे केसाहून बारीक पदर करायचे आणि त्यानं टाका घालायचा. (रेशीम म्हटलं की आपल्यात कोशातल्या जिवाचा प्रश्न येणारच. हस्तिदंताला एक न्याय आणि रेशमाला दुसरा, असं मी म्हणत नाही. पण आमच्या कपाटातल्या इरकली साड्यांचे रेशमी पदर मोजून मगच मी चिनी बायकांना बोलेन.) त्या घरातली सून हान शीमंग. तिनं जुन्या नामवंत चित्रकारांची चित्रं सुईनं उतरवली. 1634 मध्ये तिच्या नवऱ्यानं त्या आठ पानांच्या संग्रहावर एक टिपण लिहिलं. त्यात तो म्हणतो की कडाक्याच्या थंडीत, घामाच्या दिवसांत, वाऱ्या-पावसाच्या अंधारात ती सुई हातात घेत नसे. आभाळ स्वच्छ असेल, पक्षी बोलत असतील, तेव्हाच बसायची. म्हणजे घरातल्या सुनेनं आज बसणार नाही म्हटलं आणि ते चाललं. त्या काळातल्या तुंग छीछांग या थोर चित्रकारानं तिच्या प्रत्येक पानावर प्रशंसेचे शब्द लिहिले. तो संग्रह पेकिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

पुढं घराला उतरती कळा लागली. जे काम हौसेनं चालायचं त्यावर पोट भरायची वेळ आली. बायकांनी भरलेले कपडे विकले आणि त्या पैशांवर घर चाललं. त्याच घरातली पुढच्या पिढीतली लेक गू लानयू, ऐन चोविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरी लहान मूल. तिनं दार उघडून शिष्या घ्यायला सुरुवात केली. घराण्याची विद्या घराबाहेर द्यायची नाही हा त्या काळचा नेम, तो तिनं मोडला. तीसहून जास्त वर्षं ती शांघायच्या मुलींना भरतकाम शिकवत राहिली. त्या मुलींनी आणखी मुलींना शिकवलं. होता होता असं झालं की भरतकाम विकणारी दुकानं, त्यांचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नसला तरी, दारावर गू घराण्याच्या नावाची पाटी लावू लागली.